सर्चमध्ये 'दुसऱ्या' का सापडत नाही?

[कॅमेऱ्यासमोर]
लेख उघडा आहे आणि त्यात 'दुसऱ्या' हा शब्द ढळढळीत दिसतोय. तोच शब्द साइटच्या सर्चबॉक्समध्ये टाकला, तर उत्तर येतं 'काहीही सापडलं नाही'. अशा वेळी डेटाबेसवर चिडण्याआधी तो अर्धा र तपासा.

[स्क्रीनवर: दोन 'दुसऱ्या', प्रत्येकाखाली त्याचे युनिकोड क्रमांक]
संगणकात प्रत्येक अक्षराला एक युनिकोड क्रमांक असतो. तो हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावर लिहितात, म्हणून त्यात बी, डी अशी अक्षरंही येतात. हा आडवा र दोन प्रकारे टाईप होतो. एक प्रकार म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, क्रमांक ०९३१, आणि मागे पाय मोडायचं चिन्ह, ०९४डी. दुसऱ्या प्रकारात साधा र, ०९३०, मग तेच चिन्ह आणि शेवटी झीरो विड्थ जॉइनर, २००डी. जॉइनर दिसत नाही, जागाही घेत नाही. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच, पण जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबपानांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, तुलना केली तर उत्तर 'फॉल्स', म्हणजे दोन्ही वेगळे. समान रचना एकसारख्या करणारं नॉर्मलाइज फंक्शन इथे उपयोगी नाही, कारण युनिकोड या दोन रचनांना समान मानत नाही. शोधून बदलणारा रिप्लेस आपणच लिहायचा: र, पायमोड, जॉइनर ही तिकडी दिसली की तिथे ऱ आणि पायमोड. मजकूर सेव्ह करताना आणि सर्चचा शब्द आल्यावर, दोन्हीकडे.

काही जण 'अदृश्य कचरा' म्हणून सगळे जॉइनर सरसकट उडवतात. मग र चा रफार होतो आणि पुढच्या य च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. 'आचाऱ्यांना' द्यायचे पैसे 'आचार्यांना' जातात! कुटुंबाची इमोजीही याच जॉइनरने बांधलेली असते, तीही सुटी होते.

शंका आली की ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून कन्सोल, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवून बघायची खिडकी, उघडा. शब्दाची अक्षरं सुटी करा, प्रत्येकावर कोडपॉइंटॲट(०) आणि मग टूस्ट्रिंग(१६) चालवा, म्हणजे हेक्स क्रमांक दिसेल. 'ॲप'मधला ॲ सुद्धा एकदा बघाच: तो ०९७२ हवा, पण कित्येकदा अ आणि वर वेगळा चंद्र, ०९४५, असा निघतो.

[स्क्रीनवर: ₹]
क्रमांक कळला, आता तो लिहायचा. रुपयाचं चिन्ह २०१० साली युनिकोडमध्ये आलं, क्रमांक २०बी९. युरोला एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या मजकुरात, नावाची एंटिटी (चिन्हाऐवजी लिहायचा संकेत) आहे, रुपयाला नाही. त्यामुळे अँडचं चिन्ह (&), हॅश, ८३७७ (म्हणजे २०बी९ नेहमीच्या दशमान आकड्यांत), सेमीकोलन. खरं तर फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, असेल, तर सरळ ₹ टाईप करा, वाचायला बरं. फक्त ही पद्धत ब्राउझरला सांगणारा मेटा कॅरसेट टॅग फाइलच्या पहिल्या १०२४ बाइट्सच्या आत हवा. तो नसला आणि ब्राउझरने विंडोज-१२५२ ही जुनी पद्धत गृहीत धरली, तर ₹ च्या जागी तीन पाहुणे येतात: टोपीवाला इंग्रजी ए, स्वल्पविरामासारखं चिन्ह आणि वर चढलेला छोटा १.

सीएसएसच्या, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, कंटेंटमध्ये हेच चिन्ह लिहायचं तर बॅकस्लॅश आणि २०बी९. त्याला चिकटून ५०० लिहिलंत, तर सीएसएस सहा हेक्स अंकांपर्यंत वाचत जातं आणि २०बी९५० हा क्रमांक धरतं. असं अक्षरच नाही, म्हणून काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह आणि उरलेलं एक शून्य दिसतं. क्रमांकानंतर एक स्पेस द्या. ती स्पेस सीएसएस गिळतं, त्यामुळे ₹५०० जोडूनच दिसतं. मध्ये फट हवी असेल, तर स्पेस दोनदा.