ससा इकडे की तिकडे?

लहान मुलं कार्डांचे गट कसे करतात, त्याचा हा व्हिडिओ. हा हात बघा. तीन वर्षांच्या मुलाचा. चिमटीत लाल सशाचं कार्ड, समोर दोन खोके, एकावर निळा ससा चिकटवलाय, दुसऱ्यावर लाल होडी. आधी रंगाने लावायचं. लाल लालमध्ये, निळं निळ्यात. पटापट चाललंय, एकही चुकत नाहीये.

आता खेळ घेणारी ताई सांगते, रंगाचा खेळ संपला, आता ससे सशांकडे आणि होड्या होड्यांकडे. परत लाल ससा हातात आला... आणि गेला होडीच्याच खोक्यात! बरं, त्याला विचारलं ससे कुठे जातात, तर बोट बरोबर दाखवतो. म्हणजे नियम तोंडपाठ आहे, पण हात जुन्याच नियमाने चाललाय. मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात याच खेळाची चाचणी केली. तीन वर्षांची बरीच मुलं इथे अडकतात, पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना जमायला लागतं. त्यामुळे प्लीज, लगेच ‘अरे चुकलं’ म्हणू नका. मूल हट्ट करत नाहीये, एकाच चित्राकडे आधी एका नजरेने आणि मग दुसऱ्या नजरेने बघणं हे त्याच्यासाठी खरंच अवघड काम आहे.

ही दुसरी मुलगी. हिला सांगितलं सारखे आकार एकत्र ठेव, आणि हिने चौकोनावर त्रिकोण ठेवून घर केलं. मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि इनहेल्डर यांनीही लहान मुलांमध्ये हेच टिपलं होतं, गट करता करता मुलं चित्रच बनवून टाकतात. छान घर झालंय, राहू दे.

आणि हा माझा सगळ्यात आवडता शॉट. नियम कुणीच दिलेला नाही, नुसती कार्डं पसरलीत. तिने छत्री उचलली, फुलपाखराशेजारी ठेवली, मग पुस्तक आणून तिथेच ठेवलं. ताईने एवढंच विचारलं, हे एकत्र का गं? आणि गप्प बसली. ही शांतता आम्ही कापली नाही, मुद्दाम. मुलीने दोन्ही तळवे जोडले, उघडले, परत मिटले. “हे असं असं होतं.”

मोबाईलवरच्या गेममध्ये चुकलं की लगेच टुंग वाजतं, हे ‘का’ विचारायला आणि थांबायला तिथे कुणी नसतं.

पुढे घ आणि ध, भ आणि म वेगळे ओळखताना हेच बारकाईने बघणं कामी येतं.

आता तिने सगळे ढीग मोडलेत, नव्याने मांडतेय, होडी आणि खुर्ची एकत्र गेलीय. का ते अजून सांगितलेलं नाही.