नेलपॉलिशचा टिपका आणि विजेचं बिल

(सांगलीतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी मला संगणकतज्ज्ञ म्हटलं, ते सोडून द्या. सांगलीत तज्ज्ञ असतात ते हळदीतले नाहीतर नाटकातले. मी आपला खटपट्या. (हशा) विषय ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे चिपला नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणं, आणि वीजबचतीचा आहे, पण आधी नेलपॉलिशची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढं सरकत नाही.

साल १९९९. आदल्या वर्षी इंटेलची स्वस्तातली चिप, सेलेरॉन ३००ए, आली होती. चिपचा वेग म्हणजे बसचा, म्हणजे चिप आणि बोर्ड यांच्यातल्या वाटेचा, वेग गुणिले एक गुणक. गुणक ४.५ ला कुलूपबंद, बस ६६ मेगाहर्ट्झची, म्हणजे ३००. बस १०० केली की ४.५ गुणिले १००, थेट ४५०! महागड्या पेन्टियम टूची चाल, सेलेरॉनच्या पैशात. आमच्या मदरबोर्डात बस बदलायची सोयच नव्हती. तेव्हा उपाय एकच, चिपच्या कार्डावरचा बी२१ हा संपर्कबिंदू झाकायचा. म्हणजे बोर्डाला वाटतं, शंभरचीच चिप बसवलीय. झाकायचं कशानं? ताईच्या नेलपॉलिशनं. पहिल्यांदा टिपका शेजारच्या बिंदूवर ओघळला, पडदा काळाठिक्कर. ब्लेडनं खरवडलं, पुन्हा लावलं आणि ४५० आकडा दिसला तेव्हा मी ओरडलोच. मग संगणकाचा डबा उघडा ठेवून त्याच्यावर टेबलफॅन रोखला. वडील म्हणाले, "माणसं घामानं निथळतायत आणि वारा डब्याला?" ताई आजही त्या बाटलीचे पैसे मागते. (हशा)

वडिलांचं खरं होतं. पण आमच्या पिढीला एक खोड लागली, वेग वाढवला की बचतीच्या सगळ्या सोयी बंद करून टाकायच्या. परवा भाच्याचं नवं मशीन पाहिलं. दुकानदारानं व्होल्टेज एका आकड्यावर ठोकून बसवलेलं, सी-स्टेट, म्हणजे काम नसताना चिपनं डुलकी घ्यायची सोय, बंद, विंडोजमध्ये बचतीपेक्षा वेगाला झुकतं माप देणारा हाय परफॉर्मन्स. पोरगं त्यावर करतं काय? पीडीएफ वाचतं! मीटर लावला तर रिकाम्या बसल्या बसल्या ४० वॅट जादा. दिवसाला १० तास धरा, महिन्याला १२ युनिट झाली. बिलात ती वरच्या टप्प्यात गेली तर वरच्याच दरानं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. बरं, मुद्दा.

चिपची वीज वेगाच्या सरळ पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या पटीत. ४.० गिगाहर्ट्झचे ४.४ केले आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलं, तर वेग १० टक्के वाढतो आणि वीज साधारण ३९ टक्के. म्हणून आधी व्होल्टेज न वाढवता किती वेग मिळतो ते बघा. वाढवायचंच तर ठोक आकडा नको, ऑफसेट द्या, म्हणजे चिप स्वतः ठरवते त्या व्होल्टेजवर थोडी भर. मग काम नसताना व्होल्टेज आपोआप उतरतं. सी-स्टेट चालू, विंडोज बॅलन्स्डवर. एएमडीच्या रायझन चिपवाल्यांनी कमी विजेत चालवणारा इको मोड बघावा: १०५ वॅट टीडीपीची (टीडीपी म्हणजे कंपनीनं चिपच्या उष्णतेसाठी दिलेला आकडा) चिप ६५ च्या मर्यादेत बसते, म्हणजे सॉकेटची कमाल १४२ वरून ८८ वॅटवर. रोजच्या कामात फरक शोधूनही सापडत नाही. मग कर्व्ह ऑप्टिमायझरनं, म्हणजे रायझनच्याच व्होल्टेज जुळवायच्या सोयीनं, थोडा थोडा उणे आकडा द्या, म्हणजे व्होल्टेज उतरेल, आणि मशीनला रात्रभर पूर्ण कामाला जुंपून ताणून बघा. नुसत्या ताणावरही विसंबू नका, उणे आकड्याचं मशीन कधीकधी निवांत असतानाच गचकतं.

मागून कोण? लॅपटॉपचं व्होल्टेज उतरवता येतं का? २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाचं, व्होल्टेज उतरवून चिपमधली गुपितं काढू देणारं सुरक्षेचं भगदाड सापडलं आणि इंटेलच्या कितीतरी लॅपटॉपांत व्होल्टेज कमी करायची सोयच बंद झाली. तिथं नेलपॉलिशचाही उपयोग नाही.