कूरेच्या शिवारातले जिराफ

बाजरीची कापणी उरकली आहे. शेतात नुसती धाटं उभी आहेत. डोक्यावर पाण्याचं भांडं घेऊन एक बाई पायवाटेनं चालली आहे आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर पाच जिराफ चरत आहेत. ती वळूनही बघत नाही. तिच्यासाठी ते रोजचेच आहेत.

हा पश्चिम आफ्रिकेतला नायजर देश. राजधानी नियामेपासून सुमारे ६० किलोमीटरवर कूरे गावाचा हा परिसर. इथे कुंपण नाही, अभयारण्याचं फाटकही नाही. फिक्या रंगाचा, पायांना खाली ठिपके नसलेला हा पश्चिम आफ्रिकी जिराफ. एके काळी तो सेनेगलपासून चाड सरोवरापर्यंत हिंडायचा. शिकार, दुष्काळ आणि सरपणासाठी झालेली झाडतोड यांनी त्याला मागे रेटत आणलं. १९९६ साली मोजणी झाली, तेव्हा अख्ख्या जगात उरले होते फक्त ४९. आज ते सहाशेच्या आसपास आहेत.

आता या मादीकडे नीट बघा. ती ज्या झाडाला लागली आहे ते गाओ, आपल्या बाभळीच्याच गोतातलं. त्याची तऱ्हा उलटी: पावसाळ्यात पानं गाळतं आणि ऐन उन्हाळ्यात हिरवं राहतं. म्हणून कोरड्या दिवसांत जिराफ पठारावरची झुडपं सोडून गाओच्या शोधात खाली शेतांकडे उतरतात. जवळजवळ अर्धा मीटर लांब, काळपट जीभ बाहेर येते, काट्यांमधून वाट काढत फांदीला वेढा घालते आणि पाला ओरबाडून घेते. दिवसाचे कितीतरी तास हेच चालतं. बरंचसं पाणीही या पाल्यातूनच मिळतं, त्यामुळे ती पाण्याशिवाय अनेक दिवस काढू शकते.

पाणी प्यायचं म्हटलं तर मात्र खटाटोप. पुढचे पाय दोन्हीकडे फाकवायचे, मग मान खाली. इतक्या उंचावर रक्त चढवायचं म्हणून जिराफाचा रक्तदाब माणसाच्या साधारण दुप्पट असतो. डोकं झटकन खाली गेल्यावर ते रक्त मेंदूवर आदळायला हवं. पण मानेच्या शिरांतल्या झडपा त्याला उलटं येऊ देत नाहीत, आणि मेंदूच्या तळाशी असलेलं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाब सावरून धरतं. प्राण्यांच्या शरीरात याहून सुंदर रचना क्वचितच सापडेल.

पंधरा महिन्यांच्या गर्भारपणानंतर मादी उभ्यानंच वितेल. पिल्लू दीड-दोन मीटरवरून जमिनीवर पडेल आणि तासाभरात उभं राहील. पूर्व आफ्रिकेच्या माळरानावर पहिल्या वर्षात निम्मी पिल्लं तरी दगावतात, मुख्यतः सिंह आणि तरसांमुळे. कूरेला सिंह नाहीत. इथली पिल्लं जगली, म्हणून हा कळप वाढला.

पण याची किंमत शेतकऱ्यानं मोजली आहे. जिराफ नुसता गाओ खात नाहीत. खळ्यावर रचून ठेवलेली चवळी खातात, आंब्याच्या बागेत शिरतात. वर्षाची बेगमी डोळ्यांदेखत जाताना पाहूनही काठी न उचलणाऱ्या या लोकांचा उल्लेख जिराफांच्या प्रत्येक आकड्यासोबत व्हायला हवा. सरकारनं शिकारीवर बंदी घातली, गावातली माणसं वाटाडे झाली, पर्यटकांमुळे चार पैसे येऊ लागले. ऑगस्ट २०२० मध्ये इथेच बंदूकधाऱ्यांनी सहा फ्रेंच नागरिकांसह त्यांचा वाटाड्या आणि चालक अशा आठ जणांना ठार केलं, आणि तो आधारही डळमळला.

सगळे जिराफ एकाच भागात असणं धोक्याचं. एखादी साथ आली किंवा लढाई पेटली तर सारंच संपेल. म्हणून २०१८ मध्ये आठ जिराफ ट्रकवर चढवून सुमारे ८०० किलोमीटर दूर, गादाबेजीच्या राखीव रानात सोडले गेले. तिथून जिराफ नाहीसे होऊन जवळपास पन्नास वर्षं झाली होती. २०२२ मध्ये आणखी चार जिराफ तिकडे पोहोचले.