पाच-वीस-चौदा

(दृश्य : पर्वरीतलं गॅरेज, सकाळ. जमिनीवर पालथी टाकलेली लोखंडी डिस्क. वायरब्रशचा आवाज.)

ही डिस्क, म्हणजे टायर चढतो ते लोखंडी चाक, फियाट 1100 डिलाइटची. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली गाडी. पुढं हिलाच पद्मिनी हे नाव मिळालं. टायरची कडा बसते त्या खोबणीत बघा, तांबूस पापुद्रे सुटलेत. गाडीवर हात फिरवणाऱ्याला हे कधी दिसत नाही. व्हील कप लखलखीत असतो, बाहेरचा रंग धडधाकट असतो, आणि गंज टायरच्या खाली बसून लोखंड खात राहतो. गोव्याच्या हवेत खार आहे. पावसाचं पाणी रिम आणि टायरच्या फटीत शिरलं की दसऱ्यापर्यंत सुकत नाही.

जुन्या गाडीला चाकं घ्यायची म्हटलं की बोलणं लगेच मॅगव्हीलवर, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या चाकांवर जातं. त्याआधी एक गोष्ट बघायची असते. गाडीबरोबर आलेली डिस्क वाचते का? बहुतेक वेळा वाचते.

(दृश्य : जुना हब वाइसमध्ये धरलाय. त्यावर बसवलेली डिस्क हातानं फिरतेय. डायलची सुई हलते.)

जुना हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), त्यात चांगलं बेअरिंग आणि एक डायल गेज (बारीक फरक सुईनं दाखवणारं माप), एवढ्यावर डिस्क तपासता येते. सुई दोन ठिकाणी लावायची: एकदा कडेला, डिस्क डावी-उजवी किती हलते ते बघायला; आणि एकदा टायर बसतो त्या जागेवर, वर-खाली किती ते बघायला. दीड मिलीमीटरपर्यंत चालतं. तीनवर गेलं की साठ-सत्तरच्या वेगाला स्टेअरिंग थरथरणार, मग बॅलन्सिंगला कितीही शिसं चिकटवा.

कडेला आलेला बाक थंड लोखंडावरच काढायचा. इथं मेस्त्री डिस्कखाली लाकडाचा ठोकळा ठेवतायत आणि वरून हायड्रॉलिक जॉकीनं दाब देतायत. दाब, सुई, पुन्हा दाब. एका चाकाला पाऊण तास लागतो. गॅस कटर पेटवून पाच मिनिटांत सरळ करून देणारे भेटतात. त्यांच्याकडे डिस्क देऊ नये. मधली तबकडी आणि बाहेरचं कडं वेल्डनं जोडलेलं असतं. तिथं आच लागली की लोखंड मऊ पडतं आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात डिस्क पुन्हा वाकते.

(दृश्य : जवळून. बोल्टच्या भोकांभोवती रॉकेल, मग खडूची पूड.)

ही तपासणी जुनी आहे, पण यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची दुसरी नाही. बोल्टच्या भोकांभोवती आणि वेल्डवर रॉकेल लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, कोरडं पुसून खडूची पूड टाकायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते. अशी डिस्क वेल्डिंग करून वापरायची नाही. भोक लंबगोल झालं असेल तरीही नाही.

चार डिस्कपैकी तीन पास. चौथीच्या जागी स्टेपनीची डिस्क येईल. स्टेपनीची डिस्क बहुधा सगळ्यांत चांगली निघते, कारण ती आयुष्यभर डिकीत झाकलेली असते. तिनं आणखी एक काम केलंय, ते या दृश्यात दिसतं.

(दृश्य : पाण्यातला 400 नंबरचा पेपर. रंगाचे थर एकात एक, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे.)

वरचा चंदेरी, त्याखाली काळा, त्याखाली पुन्हा चंदेरी, आणि तळाशी, लाल ऑक्साइडच्या लगत, फिकट करडा. कारखान्याचा रंग हा. रंगाच्या दुकानात नमुना म्हणून हीच जागा दाखवायची, फोनमधला फोटो नाही.

सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं गंज आणि रंग काढणं, झालं की त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारायचा. आपल्याकडच्या दमटपणात उघडं लोखंड एका रात्रीत पिवळं पडतं. वरचा रंग साधा इनॅमल असला तरी पुरतो. पावडर कोटिंग टिकाऊ असतं, पण त्याचा थर जाड बसतो. बोल्टचं डोकं टेकतं त्या उतारावर तो थर राहिला तर बोल्ट घट्ट वाटतो. गाडी चालली की थर चुरडतो आणि बोल्ट सैल पडतो. म्हणून कोटिंगला देण्याआधी त्या चार जागा आणि डिस्क हबला टेकते ती पाठ, दोन्ही झाकून द्यायच्या.

(दृश्य : जुन्या टायरची भिंत. बोट अक्षरांवरून फिरतं.)

पाच-वीस-चौदा. 5.20-14. टायर 5.20 इंच रुंद आणि 14 इंचाच्या डिस्कवर बसणारा. आजच्या टायरवर असते ती उंचीची टक्केवारी इथं लिहिलेलीच नाही, कारण त्या काळात टायर जवळपास रुंदीइतकेच उंच असत. फियाटचं रूप तिथंच आहे: बारीक, उंच टायर आणि मडगार्डच्या कमानीत भरलेलं गोल चाक.

नवा टायर निवडताना पहिली मोजायची ती चाकाची पूर्ण उंची, जमिनीपासून वरच्या टोकापर्यंत. जुना 5.20-14 हवा भरल्यावर साधारण 610 मिलीमीटर भरतो. 155/80 आर 14 (रुंदी 155 मिलीमीटर, भिंतीची उंची तिच्या 80 टक्के, आर म्हणजे रेडियल, डिस्क 14 इंची) भरतो 604. स्विफ्टसारख्या गाड्यांमुळे सगळीकडे मिळणारा 165/80 आर 14 भरतो 620. दोन्ही चालतात. 155 मिळाला तर तोच घ्यावा. दिसायला तो जुन्याच्या अधिक जवळ जातो आणि उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवताना हात भरून येत नाहीत.

एक अट आहे. रिमची रुंदी मोजायची: टायरच्या कडा टेकतात त्या दोन उभ्या भिंतींमधलं आतलं अंतर. 155 आणि 165 दोन्हींना किमान 4 इंच लागतात. डिस्क त्याहून अरुंद निघाली तर 145 शोधायचा. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या भिंती आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो, आणि टायर मधोमध झिजतो.

(दृश्य : टायर दुकानाच्या भिंतीवर मॅगव्हीलच्या रांगा. पट्टीनं बोल्टच्या भोकांचं अंतर मोजणारा हात.)

आता या भिंतीकडे वळू. फियाटला चार बोल्ट, 98 मिलीमीटरच्या वर्तुळावर. या भिंतीवरची चार भोकांची बहुतेक मॅगव्हील 100 मिलीमीटरची. फरक दोनच मिलीमीटरचा, म्हणजे प्रत्येक बोल्टमागे एक. हातानं चाक बसतं, बोल्ट आत जातात, पानाही आवळतो. पण एक बोल्ट आपल्या उतारावर नीट टेकतो आणि बाकीचे तिरके ओढले जातात. चाक मध्यावर बसत नाही.

त्यात फियाटला हबवर स्टड, म्हणजे नट चढवायचे बाहेर आलेले आटे, नसतात; बोल्ट हबमध्ये जातात. मॅगव्हीलची तबकडी लोखंडी डिस्कपेक्षा कितीतरी जाड. जुना बोल्ट वापरला तर हबमध्ये चार-पाच आटेच धरतो. आटे मोजायची सवय ठेवावी: 12 मिलीमीटर जाडीच्या बोल्टला निदान तेवढीच पकड हवी, आणि सव्वा मिलीमीटरच्या आट्याला ती साडेनऊ-दहा फेऱ्यांत मिळते. त्याआधीच बोल्ट टेकला तर तो बोल्ट त्या चाकाचा नव्हे.

आणि उंची. 13 इंची मॅगव्हीलवर 175/70 चढवला की चाक 575 मिलीमीटरचं होतं. कमानीत पोकळी दिसते, गाडी खाली बसते, आणि 155च्या हिशेबानं मीटर सुमारे पाच टक्के जास्त वेग दाखवतो. चाक मडगार्डच्या बाहेर येईल असं बसवलं तर बेअरिंग आणि किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) लवकर जातात.

(दृश्य : दोन टायर शेजारी. एकाची भिंत ताठ, दुसऱ्याची खाली फुगलेली.)

डावीकडचा नायलॉन, म्हणजे क्रॉसप्लाय. उजवीकडचा रेडियल. नायलॉनमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात, म्हणून भिंत ताठ राहते. रेडियलचे दोरे कडेपासून कडेपर्यंत आडवे आणि वर पट्टा. भिंत मऊ, रस्त्याला टेकणारा भाग सपाट. मिशेलिननं असा टायर 1946 मध्ये पेटंट केला, तेव्हा रेडियल म्हणजे अलीकडची गोष्ट असं नाही. साठच्या दशकातल्या युरोपीय गाडीला रेडियल घातला तर काळाशी फारकत होत नाही.

नायलॉन दिसायला अचूक. पण गाडी रात्रभर उभी राहिली की नायलॉन तळाशी चपटा पडतो, आणि सकाळी पहिले एक-दोन किलोमीटर धडधड ऐकू येते. टायर गरम झाला की ती थांबते. बॅलन्सिंगवाल्याकडे धाव घेऊ नये. रस्त्यावर लांब चर असले की गाडी त्यांच्या मागं जाते. ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो. प्रदर्शनाच्या गाडीला नायलॉन, चालवायच्या गाडीला रेडियल, असं आमचं स्पष्ट मत आहे. एका अ‍ॅक्सलवर दोन्ही कधीच नाही. दोनच रेडियल असतील तर ते मागं.

(दृश्य : पणजीतल्या फोंताइनासची गल्ली. बंद फाटकामागे मर्सिडीज 180 डी. मग बीटल.)

19 डिसेंबर 1961च्या आधी गोव्यात गाड्या थेट युरोपातून यायच्या. ही गोल पाठीची मर्सिडीज त्याच काळातली. अशा गाड्या इथं टॅक्सी म्हणून धावल्या आहेत. हिचा टायर 6.40-13. एवढ्या मोठ्या गाडीला 13 इंची चाक बघून अनेकांना वाटतं की कुणीतरी बदललंय. नाही, कारखान्यानंच दिलेलं आहे. पाच बोल्ट, 112 मिलीमीटर, आणि मर्सिडीजनं हे अंतर पुढं कित्येक वर्षं ठेवलं, म्हणून नंतरच्या गाडीची 14 इंची डिस्क सहज बसते. बसते म्हणून घालू नये. रंगवलेला मूळ कप 13 इंची डिस्कवरच शोभतो. 185 आर 13 हा उंचीनं जवळचा टायर. बोल्टचं डोकं मात्र तपासायचं: मर्सिडीजचा बोल्ट गोलाकार बुडाचा, फियाटचा शंकूसारखा. एकाच्या जागी दुसरा आवळला तर तो कडेच्या रेघेवरच टेकतो आणि सुटतो.

बीटलला 5.60-15, आजचा 165/80 आर 15. 1967पर्यंत पाच बोल्ट, 205 मिलीमीटरचं भलंमोठं वर्तुळ. पुस्तिकेत हवा पुढं 16 पौंड, मागं 24. छपाईची चूक नाही. इंजिन मागं आहे. पेट्रोल पंपावर सवयीनं चारही चाकांत 32 मारतात, तेव्हा बाजूला उभं राहून सांगावं लागतं.

(दृश्य : पांढऱ्या पट्ट्याचा टायर, जवळून. मग पट्टी सोलून काढताना.)

पांढरी पट्टी. रुंद पट्टी पन्नासच्या दशकातली, साठनंतर ती बोटभर झाली. टायरमध्येच घडवलेली पट्टी असेल तर घ्यावी. रिम आणि टायरच्या मध्ये सरकवायची सुटी रबरी रिंग मिळते, ती रेडियलला घालू नये. रेडियलची भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि रिंग तिला घासत राहते. इथं रिंग निघाल्यावर भिंतीवर उमटलेला चर बघा. आत अडकलेली ती लाल माती आहे.

(दृश्य : टायर बसवणं. सलग, न तोडता.)

फियाटच्या जुन्या रिमला, टायरची कडा आत घसरू नये म्हणून असणारा उंचवटा नाही. म्हणून टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी आत ट्यूब हवी, आणि तीही रेडियलसाठीची. टायरच्या आत चिकटवलेले कागद, स्टिकर खरवडून काढायचे. ते ट्यूबला खातात. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड. व्हॉल्वचं भोक बघायचं: ते 16 मिलीमीटरचं असेल आणि ट्यूबचा व्हॉल्व बारीक असेल, तर तो भोकाच्या धारेवर घासून मुळाशी कापला जातो. भोकाला शोभेल असाच व्हॉल्व घ्यावा.

टायरच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे. 2324 म्हणजे 2024चा तेविसावा आठवडा. जुनी गाडी वर्षाला हजार किलोमीटरही चालत नाही, त्यामुळं नक्षी कोरी राहते आणि रबर मात्र म्हातारं होतं. दुकानात पडून राहिलेला टायर स्वस्तात मिळाला तरी सोडून द्यावा.

ट्यूब थोडी फुगवून आत. कडेला साबणाचं पाणी. टामीनं (टायर चढवायच्या लोखंडी पट्टीनं) कडा चढवताना समोरची बाजू रिमच्या मधल्या खोलगटात दाबून ठेवली की जोर लागत नाही. ज्याला जोर लागतोय तो ट्यूब चिमटणार. पूर्ण हवा. आता बघा, सगळी हवा सोडून दिली. हे मुद्दाम. ट्यूबला पडलेली घडी अशानं सुटते. पुन्हा हवा. नायलॉनसाठी छापलेल्या आकड्यापेक्षा रेडियलला तीन-चार पौंड जास्त.

(दृश्य : गाडी जॉकीवर. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत.)

मागं तीन माणसं बसवून गाडी जमिनीवर घ्यायची आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवायचं. 165 असेल तर आतल्या मडगार्डला बोट घालून फट बघायची.

50 वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला 2021च्या केंद्रीय नियमांनुसार व्हीए, म्हणजे विंटेज गाड्यांच्या मालिकेचा क्रमांक घेता येतो. त्यात मूळ रूप बघितलं जातं.

(दृश्य : व्हील कप तळहातानं थोपटून बसवला जातो. गाडी मांडवीच्या पुलावर.)

कप बसवण्याआधी चारही बोल्ट आडव्या-उभ्या क्रमानं आवळायचे, चाक जमिनीला टेकलेलं असताना. कपाच्या क्लिपा चपट्या झाल्या असतील तर पकडीनं जराशा बाहेर ओढायच्या. आणि 50 किलोमीटर झाले की कप काढून पाना परत एकदा. नवा रंग दबतो, बोल्ट पाव फेरा तरी घेतात.