राजवाड्यात घडलेली झडप

तिरुवनंतपुरमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातली ही बहुमजली इमारत त्रावणकोरच्या राजघराण्याने १९७३ साली केरळच्या जनतेसाठी राज्य सरकारला भेट दिली. १९७६ मध्ये नियोजन आयोगाचे तत्कालीन उपाध्यक्ष पी. एन. हक्सर यांच्या हस्ते श्री चित्रा तिरुनाल वैद्यकीय केंद्राचे उद्घाटन झाले आणि येथे रुग्णसेवा सुरू झाली. पुढे हृदय आणि मज्जासंस्थेच्या अवघड शस्त्रक्रियांसाठी हे नाव देशभर ओळखीचे झाले. पण ही गोष्ट केवळ एका चांगल्या रुग्णालयाची नाही.

संस्थेचे संचालक डॉ. एम. एस. वलियाथन स्वतः हृदयशल्यविशारद होते. लहानपणी घशाला झालेल्या जंतुसंसर्गातून पुढे रूमॅटिक ताप येतो, त्यात हृदयाच्या झडपा जाड आणि ताठर होतात, आणि ऐन विशी-तिशीतल्या माणसाला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते, असे रुग्ण त्या काळी भारतातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात होते. खराब झालेली झडप काढून कृत्रिम झडप बसवण्याचे कौशल्य शल्यविशारदाकडे होते. झडप मात्र परदेशातून येई आणि तिची किंमत बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची असे.

म्हणून रुग्णालयापासून सुमारे ११ किलोमीटर अंतरावर, पूजप्पुरा येथील सॅटेलमंड राजवाड्यात, संस्थेचा दुसरा विभाग उभा राहिला. राजघराण्याने दिलेल्या या वास्तूत अभियंते, रसायनतज्ज्ञ, धातुतज्ज्ञ आणि पशुवैद्य एकत्र काम करू लागले. वैद्यक आणि तंत्रज्ञान एकाच संस्थेच्या छत्राखाली आणण्याची ही कल्पना केंद्र सरकारला इतकी महत्त्वाची वाटली, की १९८० साली संसदेने स्वतंत्र कायदा करून या केंद्राला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. ही संस्था आरोग्य मंत्रालयाकडे न जाता विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाकडे गेली, हा तपशील कागदोपत्री वाटला तरी बोलका आहे.

आता पडद्यावर दिसणारी ही छोटी वस्तू, म्हणजे या राजवाड्यात घडलेली कृत्रिम झडप, पाहा. धातूच्या कड्यात एक चकती बसवलेली आहे. रक्ताचा दाब आला की ती कलते आणि वाट मोकळी होते, दाब उलटला की ती मिटते. रचना सोपी दिसते, पण हृदयाचे ठोके मिनिटाला ७० धरले तरी ही चकती वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडते आणि मिटते. शिवाय ती झिजता कामा नये, तुटता कामा नये आणि तिच्यावर रक्ताची गुठळी धरता कामा नये.

पहिल्या नमुन्यात टायटॅनियमच्या सांगाड्याचे जोडकाम ताणाखाली टिकले नाही. दुसऱ्यात चकतीसाठी कृत्रिम नीलम वापरला, तर त्या कठीण स्फटिकाने टायटॅनियमच झिजवले. तिसऱ्यात सांगाड्याचा धातू बदलला, तेव्हा चकतीच तडकली. प्रत्येक अपयशानंतर काम पुन्हा यंत्रशाळेत, मग चाचणीयंत्रावर, मग मेंढ्यांवर, असे फिरत राहिले. जी. एस. भुवनेश्वर आणि सी. व्ही. मुरलीधरन यांच्यासारखे अभियंते आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर एकाच संस्थेचे नोकर नसते, तर तिसऱ्या अपयशानंतर हा प्रकल्प कदाचित गुंडाळला गेला असता.

चौथ्या नमुन्यात कोबाल्टप्रधान मिश्रधातूचा सांगाडा एकाच अखंड तुकड्यातून कोरून काढला, त्यामुळे जोडाचा प्रश्नच उरला नाही. चकतीसाठी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन, म्हणजे एक प्रकारचे चिवट प्लास्टिक, निवडले गेले. कठिणापुढे मऊ पदार्थ टिकतो, हे उत्तर सुरुवातीला कोणाला सहज सुचणारे नव्हते. या मऊपणाचा आणखी एक लाभ झाला. कठीण चकतीच्या झडपा बसवलेल्या अनेकांना रात्रीच्या शांततेत आपल्याच छातीतली टिकटिक ऐकू येते. या झडपेचा मिटण्याचा आवाज मात्र हळू आहे.

६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप पहिल्यांदा एका रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली. त्यानंतर सहा रुग्णालयांत मिळून ३०६ रुग्णांवर तिची चाचणी झाली. टीटीके उद्योगसमूहाने तिचे उत्पादन हाती घेतले, आणि आज ही झडप बसवलेल्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली आहे. रक्त गोठू नये म्हणून या रुग्णांना आयुष्यभर औषध घ्यावे लागते. ती अडचण या झडपेनेही सोडवलेली नाही.

याच राजवाड्यात रक्ताच्या पिशवीचेही तंत्र विकसित झाले. काचेच्या बाटलीत साठवलेले रक्त जसेच्या तसे द्यावे लागे. जोडपिशव्यांमुळे एकाच दात्याच्या रक्तातून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे करणे सोपे झाले. तिरुवनंतपुरमच्याच एका कंपनीने त्या पिशव्यांचे उत्पादन सुरू केले.

प्रशिक्षणाचे काम या सर्वांत मिसळलेले आहे. डीएम आणि एमसीएच या अतिविशेष वैद्यकीय पदव्या घेणारे तरुण डॉक्टर आणि पीएचडी करणारे अभियंते एकाच संस्थेचे विद्यार्थी असतात. केरळचे माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या तिसऱ्या विभागात १९९७ पासून सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. झडप बदलण्याची वेळच येऊ नये, यासाठी लागणारे शिक्षण तिथे दिले जाते, असे म्हणता येईल.

आता हीच वाट इतरांनीही धरली आहे. २०२२ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने ४२५ कोटी रुपयांच्या देणगीतून ८०० खाटांचे रुग्णालय आणि वैद्यकीय विद्यालय उभारण्याची घोषणा केली; त्याच वर्षी कानपूरच्या आयआयटीलाही अशाच विद्यालयासाठी १०० कोटी रुपयांची देणगी मिळाली. चित्राच्या झडपेला राजवाड्यातल्या यंत्रशाळेतून पहिल्या रुग्णापर्यंत पोहोचायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला होता. बंगळुरू आणि कानपूरच्या घोषणांना अजून तेवढी वर्षे झालेली नाहीत.