झटका केव्हा बसतो, ते आधी सांगा

[दृश्य : सकाळचा घाटरस्ता. इंजिनचा आवाज चढतो, क्षणभर मोकळा होतो, मग दणका.]

परतवाड्याहून चिखलदरा साधारण तीस किलोमीटर. अंतर तसं काहीच नाही, पण तेवढ्यात गाडी सातशे मीटरहून जास्त चढते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १११८ मीटरवर आहे. घाट लागला की वळणामागून वळण येतं, आणि सपाटीवर दिवसभरात जेवढे गिअर बदलले जात नाहीत तेवढे इथं तासाभरात बदलतात. गिअरबॉक्सला काही दुखणं असेल तर ते खाली लपून राहतं आणि इथं बाहेर पडतं.

ही गाडी जपानी बनावटीची, पंधरा वर्षांहून जुनी. ऑटोमॅटिक आहे आणि फोर-व्हील-ड्राइव्ह आहे. मालक अचलपूर तालुक्यातले संत्रा बागायतदार. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून बागेपर्यंत पोहोचता यावं म्हणून त्यांनी ती सेकंडहँड घेतली, आणि त्या कामात गाडीनं त्यांना कधी दगा दिला नाही. पण या पावसाळ्यानंतर ती झटके द्यायला लागली. शहरातल्या एका वर्कशॉपनं एक चक्कर मारून निकाल दिला : गिअरबॉक्स गेला, उघडावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मालक गाडी घेऊन परतवाड्याच्या मिस्त्रींकडे आले.

[दृश्य : गॅरेज. मिस्त्री स्टुलावर बसलेले, बॉनेट बंद.]

"भाऊ, लय झटके मारून रायली गाडी."

"केव्हा मारते?"

"कव्हाही मारते."

"कव्हाही असं नसते न जी. थंडी असते तवा का तपल्यावर? पुढं जातानी का मांगं घेतानी? सरळ रस्त्यावर का वळणावर? रेस देतानी का सोडतानी?"

एवढ्या प्रश्नांवर अर्धा तास गेला. बॉनेट तोवर उघडलं नव्हतं. आमच्या मते गाडीची अर्धी तपासणी इथंच झाली. मालकांनी आठवून आठवून सांगितलं ते असं. सकाळी पहिल्यांदा पी (पार्किंग) वरून आर (रिव्हर्स) मध्ये टाकली की धप्प आवाज येतो. पेट्रोल पंपावर स्टेअरिंग पूर्ण वळवून निघालं की गाडी अडखळत, उड्या मारत वळते. आणि घाट चढून तपली की दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिन क्षणभर मोकळं घोंघावतं, मग खाडकन झटका बसतो. मालकांच्या लेखी हे सगळं एकच दुखणं होतं. मिस्त्रींनी ते कागदावर तीन वेगवेगळ्या ओळींत लिहिलं.

[दृश्य : बॉनेट उघडं. चाकांना लाकडी गुटके.]

पहिली ओळ सर्वांत सोपी होती. चाकांना पुढून-मागून गुटके लावले, हँडब्रेक ओढला. पोऱ्यानं ब्रेक घट्ट दाबून पी, आर, एन, डी असा लिव्हर फिरवला आणि मिस्त्री बाजूला उभे राहून इंजिनकडे बघत राहिले. समोर उभं राहायचं नाही, हे त्यांनी आमच्या कॅमेरामनलाही दोनदा बजावलं. आर लागला की इंजिन एका बाजूनं चांगलं दोन बोटं उचललं जात होतं. फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या आधाराचं, रबर फाटलेलं. मग गाडीखाली जाऊन, इंजिन बंद करून, प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे चाकांकडे ताकद नेणारा दांडा, हातानं हलवला. त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, ठीक होते, पण शाफ्टचा पुढे-मागे सरकणारा जोड कोरडा ठणठणीत. तो अडकतो आणि मग एकदम सुटतो, त्याचाही धप्प आवाज येतो. ग्रीस गन लावली, काम झालं. सकाळी इंजिन थंड असताना आरपीएम मुळातच जास्त असतात. तेव्हा गाडी चालू केल्या केल्या आर मध्ये टाकू नका, आरपीएम खाली बसू द्या, एवढं सांगून पहिली ओळ खोडली.

दुसऱ्या ओळीला मिस्त्रींनी गाडीला हातच लावला नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसच्या लिव्हरकडे बोट दाखवलं. लिव्हर फोर-एच वर, म्हणजे चारही चाकांवर होता.

पांदणीतून बाहेर पडल्यावर तो टू-एच वर, म्हणजे दोन चाकांवर, आणायचा राहून गेला होता. डॅशबोर्डवरचा फोर-व्हील-ड्राइव्हचा हिरवा दिवा पेटत नव्हता, बल्ब गेलेला, म्हणून लक्षात आलं नाही. या प्रकारच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी, नसतं. फोर-एच लावलं की दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरायला बांधले जातात. वळताना मात्र पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हा फरक जिरून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग शाफ्टमध्ये पीळ भरत जातो आणि तो सुटला की गाडी उडी मारते. इथं भरीला भर म्हणजे पुढचे टायर नवे आणि मागचे गुळगुळीत झालेले. घेर वेगळा असला की सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ भरतो. टू-एच वर आणून पंपासमोर पूर्ण वळण घेतलं. एकही उडी नाही. ज्यांच्या गाडीला मध्ये डिफरन्शियल किंवा कपलिंग आहे, जी कायम चारही चाकांवर चालते, त्यांनी तर चारही टायर सारखेच ठेवावेत. एकच नवा टायर टाकून पैसे वाचत नाहीत.

[दृश्य : काचेच्या पेल्यात जुनं तेल, शेजारी नवं लाल तेल.]

उरली तिसरी ओळ. ती मात्र खरोखर गिअरबॉक्सची होती, आणि तिच्यासाठी थोडं आत डोकवावं लागेल.

ऑटोमॅटिकमध्ये पायाखाली क्लच नसतो, पण गिअरबॉक्सच्या पोटात क्लचचे कितीतरी संच असतात. अस्तर लावलेल्या पातळ चकत्या आणि त्यांच्यामध्ये साध्या पोलादी चकत्या. तेलाचा दाब आला की त्या आवळल्या जातात आणि गिअर लागतो. दुसऱ्याचा संच सुटणं आणि तिसऱ्याचा पकडणं, हे सेकंदाच्या आत, एकमेकांशी ताळमेळ ठेवून व्हावं लागतं. पकड उशिरा आली की मधल्या वेळात इंजिन मोकळं पळतं. मालकांनी सांगितलेलं घोंघावणं ते हेच. पंप दाब तयार करतो, व्हॉल्व्ह बॉडी तो वाटते, आणि केव्हा, किती वाटायचा ते गाडीचा संगणक सोलेनॉइडकरवी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांकरवी, ठरवतो. या सगळ्यांचं माध्यम एकच, ते लाल तेल. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड. म्हणून पहिला हात डिपस्टिकला, तेल मोजायच्या पट्टीला.

गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून तापवली, सपाट जागी उभी केली, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक जागी थोडा थांबवत पुन्हा पी मध्ये आणला, आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढली. ही रीत सगळ्या गाड्यांना लागू नाही. होंडाच्या गाड्यांत इंजिन तापवून बंद करतात आणि मिनिट-दीड मिनिटाच्या आत मोजतात. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथं तेलाचं तापमान बघून खालचा लेव्हल प्लग उघडावा लागतो. चुकीच्या रीतीनं मोजलं की माणूस बिनधास्त जास्तीचं तेल ओततो, आणि जास्त तेलाला फेस येतो. फेसाळ तेल दाब देत नाही.

तेल हॉटच्या खुणेखाली होतं. पांढऱ्या कागदावर थेंब टाकला : तपकिरी, थोडा जळका वास, पण काळं नाही. काळं आणि जळकं असतं तर क्लचचं अस्तरच तेलात उतरलं असं समजायचं होतं. आणि गुलाबीसर दुधाळ असतं तर गाडी आहे तिथंच बंद करायची होती, कारण तेलात पाणी शिरलेलं असतं. आपल्या भागात याचं एक नेहमीचं कारण आहे. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचा ऑइल कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो, आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं खारं पाणी ओतायची सवय गावोगाव आहे. क्षार बसतात, धातू सडतो, एक दिवस कूलरला भोक पडतं. दुसरं कारण नाल्याचं. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरची, म्हणजे गिअरबॉक्सला हवा देणारी, नळी फाटलेली किंवा निखळलेली असली तर पाणी आत ओढलं जातं. ती नळी दिसायला क्षुल्लक आहे, पण पावसाळ्याआधी जरूर बघा.

या गाडीचं तेल गेलं होतं कूलरच्या होजमधून. रबर कडक होऊन भेगाळलेलं, क्लिपजवळ धूळ आणि तेलाचा काळा थर. आणि रेडिएटरच्या पुढ्यातला जास्तीचा कूलर मातीनं आणि कापसाच्या तंतूंनी गच्च बुजलेला होता. कापसाच्या हंगामात या रस्त्यांवर तंतू उडतच असतात. जाळीत हवा शिरत नसेल तर मे महिन्यातल्या ४५ अंशांतच नाही, नोव्हेंबरातसुद्धा तेल तापतं. साधारण ८० ते ९५ अंशांत एटीएफ सुखात असतं. त्याच्यावर दर दहा अंशांमागे तेलाचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ठोकताळा आहे.

[दृश्य : पॅन काढलेला. चुंबकावर बोट फिरतं.]

पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची परात, उघडला. आतल्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप होता. जुन्या गाडीत एवढा असतोच, त्याला घाबरायचं नाही. चकाकणारे कण किंवा तुकडे असते तर मात्र वर्कशॉपचं म्हणणं खरं ठरलं असतं.

इथं मालकांनी हमखास निघणारी शंका काढली. जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की तो बसतो म्हणतात. मिस्त्री हसले नाहीत. असं घडतं, पण बहुतेकदा चकत्या आधीच जळलेल्या असतात आणि दोष नव्या तेलावर जातो. त्यांनी दाबाच्या मशीननं फ्लश करणं टाळलं. पॅनमधून निघेल तेवढंच काढायचं, फिल्टर बदलायचा, तेवढंच नवं भरायचं, थोडं चालवून पुन्हा तसंच. इंजिनला गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल एका खेपेत निघत नाही, म्हणून दोन-तीन खेपा. तेल मात्र पुस्तकात लिहिलंय तेच. टोयोटाचं डब्ल्यूएस, मित्सुबिशी आणि ह्युंदाईच्या जुन्या गिअरबॉक्सचं एसपी-थ्री, होंडाचं डीडब्ल्यू-वन, यांची घसरण आणि पकड वेगवेगळी ठरवलेली असते. लाल दिसतं म्हणून पॉवर स्टेअरिंगच्या डब्यातलं ओतणारे मिस्त्रीही असतात. त्यांच्यापासून गाडी दूर ठेवा.

ब्रेक दाबून डी मध्ये फुल रेस द्यायची, ती स्टॉल टेस्ट, काही ठिकाणी पहिल्याच मिनिटाला करतात. तेल कमी असताना ती करणं म्हणजे उरलेल्या चकत्या जाळणं. मिस्त्रींनी ती केलीच नाही.

आता स्कॅनर, गाडीच्या संगणकातल्या दोषांच्या नोंदी वाचणारं यंत्र. एका कोडची नोंद निघाली : पी ०७३०, म्हणजे लागलेल्या गिअरचं गुणोत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं. स्कॅनर एवढंच सांगतो. का, ते सांगत नाही. सोलेनॉइड, सेन्सर, कमी तेल, झिजलेला क्लच, यांतलं काहीही असू शकतं. कोड बघून थेट सोलेनॉइड मागवणं हा पैसे उडवायचा आधुनिक मार्ग आहे. त्याआधी मिस्त्रींनी बॅटरीची आणि बॉडीची अर्थिंगची जोडणी साफ केली आणि गिअरबॉक्सकडे जाणारं वायरिंग हातानं चाचपलं. गाडी सरकीच्या पोत्यांशेजारी उभी असते, तिथं उंदरांचा सुळसुळाट. वायरिंग शाबूत निघालं. बॅटरी काढल्यामुळे संगणक शिकलेलं विसरतो, म्हणून पुढचे काही किलोमीटर गिअर थोडे ओबडधोबड पडतील, त्यावरून घाबरू नका, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं.

तुमच्या गाडीत झटका नसून साठ-सत्तरच्या वेगाला, हलक्या रेसवर, रम्बल पट्टीवरून गेल्यासारखी थरथर येत असेल, तर एक सोपी परीक्षा आहे. मागे कोणी नाही ना ते बघून, रेस तशीच ठेवून ब्रेक जरासा टेकवा. टॉर्क कन्व्हर्टरला घट्ट बांधणारा लॉक-अप क्लच सुटतो. त्याच क्षणी थरथर थांबली तर दोष लॉक-अप क्लचकडे किंवा जुन्या तेलाकडे आहे, गिअरकडे नाही.

[दृश्य : घाट. स्कॅनरच्या पडद्यावर तेलाचं तापमान.]

नवं तेल, नवी होज, धुतलेला कूलर, नवं फाउंडेशन. लिव्हर टू-एच वर. पुन्हा तोच घाट. ८८ अंश, ९३, ९६. दुसऱ्याचा तिसरा पडतो ते कळतही नाही. शेवटच्या चढाला आकडा १०८ वर गेला आणि तिथं इंजिन एकदा, अगदी किंचित, मोकळं झालं. झटका बसला नाही. मिस्त्रींनी गाडी बाजूला घेतली.

"म्हणजे खोलाच लागते का गिअरबॉक्स?"

"अजून नाही. पहिले सोलेनॉइडचा ओहम मोजू, थंड असतानी एकदा अन् तपल्यावर एकदा. थे पॅन काढून खालूनच निघते. त्यात काही नाही सापडलं, मंग खोलायचं बोलू."

"आंबिया बहराची तोड आटोपली की आणतो."

"आणा. पण तवर घाटात ओ-डी, म्हंजे वरचा गिअर, बंद ठेवा. अन् क्रेट भरलेली ट्रॉली मांगं लावू नका."

ट्रॉलीबद्दल मालक अर्ध्या तासात एक अक्षर बोलले नव्हते. मागच्या हुकवरचा घासून चकचकीत झालेला लोखंडी भाग मिस्त्रींनी शाफ्टला ग्रीस भरतानाच पाहून ठेवला होता.