‘ठीक आहे डॉक्टर’ म्हणायच्या आधी

नमस्कार मंडळी. अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अर्ज करताय, किंवा घरातल्या कुणासाठी धावपळ करताय, तर पाच मिनिटं ऐका.

माझ्या ताईला र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे. अर्जाला जोडलेली फाईल ही एवढी जाड, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, सगळं होतं, तरी अर्ज नामंजूर. नंतर कागद चाळले तर शेवटच्या तिन्ही व्हिजिटच्या नोंदीत एकच शब्द, स्टेबल. डॉक्टरांच्या लेखी त्याचा अर्थ आजार वाढलेला नाही एवढाच, पण अर्ज तपासणारा वाचतो की बाई बरी आहे. आणि तो शब्द आला कुठून, तर ताई केबिनमध्ये शिरली की सवयीने म्हणायची, ठीक आहे डॉक्टर. सकाळी दीड-दोन तास बोटं वळत नाहीत, शर्टाची बटणं मी लावून देते, हे तिने तिथे कधी सांगितलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं हो.

रिपोर्ट आजार दाखवतो, त्या आजारामुळे काय जमत नाही ते दाखवत नाही. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आयसीएफ नावाचं, माणसाला रोजच्या जगण्यात काय जमतं नि काय नाही याचं वर्गीकरण मंजूर केलं, त्यातही हेच धरलंय, निदान एकच असलं तरी दोन माणसांचं रोजचं जगणं सारखं नसतं.

म्हणून डॉक्टरांकडे नुसतं ‘काम करू शकत नाही’ असं पत्र मागू नका, त्याला वजन नसतं. सलग किती वेळ बसता येतं, किती उचलता येतं, गोळीने गुंगी येते का, हे कधीपासून आहे, तसं लिहून मागा. फिजिओथेरपिस्टची नोंदही जोडा, ते हालचाल मोजूनच लिहितात. दोन-तीन आठवडे वहीत रोज दोन ओळी लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा, म्हणजे तुमचं म्हणणं त्यांच्या नोंदीत येतं. चांगले दिवसही लिहा बरं का, वाढवून काही नको, एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या खऱ्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आणि नकार आलाच तर पत्र फेकू नका. कारण वाचा, नेमका कुठला पुरावा कमी पडला ते बघा, आणि अपिलाची मुदत आधी कॅलेंडरवर लिहा.